दोर वर, फावडं तळाशी: रिकव्हरीच्या सामानाबद्दल वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरायला लागला की रिकव्हरीच्या, म्हणजे चिखला-वाळूत रुतलेली गाडी सोडवायच्या, सामानाबद्दल आमच्याकडे येणारी पत्रं बदलतात. जूनमध्ये ‘काय काय घेऊ’ असं विचारणारे वाचक सप्टेंबरात ‘घेतलेलं ठेवू कुठे’ असं विचारतात. या वेळचे सगळे प्रश्न मुंबई आणि आसपासचे आहेत. त्यामुळे उत्तरं देताना दमट हवा, लहान घरं आणि सोसायटीचं पार्किंग गृहीत धरलं आहे.

प्रश्न : पाच दारांची जिम्नी आहे. कायनेटिक रोप (ताणला जाणारा ओढायचा दोर), शॅकल (दोर अडकवायची पिनेची लोखंडी कडी), ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या), टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर, फावडं असं सगळं डिकीतल्या एका मोठ्या पेटीत भरलं आहे. अडकलो की दर वेळी पेटी पूर्ण उपसावी लागते. नीट लावायचं कसं? (बोरिवली)

उत्तर : आधी ती पेटी काढा. एकाच खोल पेटीत सगळं भरलं की हवी ती वस्तू तळाशीच जाणार. सामान लावायचं ते गाडी सोडवण्याच्या क्रमानं. गाडी रुतली की पहिलं काम टायरची हवा कमी करणं, दुसरं चाकांपुढचा आणि पोटाखालचा चिखल उपसणं, तिसरं बोर्ड घालून पाहणं. एवढ्यानं भागलं नाही तर दोर आणि दुसरी गाडी. बहुतेक डिक्यांमध्ये याच्या नेमकं उलटं दिसतं. दोर महाग म्हणून तो वर, आणि फावडं लांब म्हणून सगळ्यात खाली. मग घाईत वरचं तेच हातात येतं आणि जे काम फावड्यानं दहा मिनिटांत झालं असतं, त्यासाठी दुसऱ्या गाडीला झटका द्यावा लागतो.

पेटीऐवजी जाड ताडपत्रीच्या तीन पिशव्या करा, वेगवेगळ्या रंगांच्या. पहिलीत हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च, हवा काढायचं साधन आणि प्रेशर गेज. ही पिशवी डिकीत ठेवायची नाही, पुढच्या सीटच्या मागच्या खिशात ठेवायची. दुसरीत दोर, तिसरीत लोखंड म्हणजे शॅकल, आणि असेल तर स्नॅच ब्लॉक (दोर ओवायची कप्पी). लोखंड आणि दोर एका पिशवीत कधीही नको. गंजाची पूड आणि शॅकलच्या कडा गाडी चालताना दोरावर घासत राहतात. फावडं आणि बोर्ड मोकळेच, मागच्या सीटच्या पाठीला बेल्टनं बांधून उभे.

दुसरी गोष्ट वजनाची. पाच दारांच्या जिम्नीचं रिकामं वजन सुमारे १,२१० किलो आणि भरल्या गाडीची मर्यादा १,५४५ किलो आहे, म्हणजे वाहून नेता येतात साधारण ३३५ किलो. ७० किलोची चार माणसं बसली की उरतात ५५. त्यात दोर ३ किलो, दोन बो शॅकल अडीच किलो, बोर्डची जोडी ८ किलो, कॉम्प्रेसर ५-६ किलो, झाडाला गुंडाळायचा पट्टा, फावडं आणि जॅकखाली घालायची फळी मिळून आणखी ५-६ किलो. हे झाले २५ किलो. उरलेल्या ३० किलोंत पाणी, कपडे आणि डबे. एवढं सामान पुरेसं आहे. यापुढे एखादी नवी वस्तू घेतलीत तर जुनी एक घरी ठेवायची, एवढा हिशेब सांभाळा.

आणि सगळं बांधायचं. ताशी ५० किलोमीटरच्या वेगातली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या सुट्या वस्तूवर तिच्या वजनाच्या साधारण १४ पट जोर येतो. ६ किलोची शॅकलची पिशवी मग ८५ किलोच्या जोरानं पुढे येते आणि समोर मागच्या सीटवरच्या माणसाचं डोकं असतं. जड पिशवी नेहमी खाली, सीटच्या पाठीला चिकटून, डिकीतल्या हुकांना रॅचेट बेल्टनं आवळून ठेवा. रबरी दोऱ्या, ज्यांना आपण बंजी म्हणतो, त्या फक्त हलक्या वस्तूंसाठी. त्या ताणल्या जातात आणि धक्क्यात वस्तू सोडून देतात.

जिम्नी आणि थार दोन्हींचं मागचं दार बाजूला उघडतं. गाडीची पाठ बांधाला टेकली किंवा मागचं चाक खोल रुतून दारापुढे चिखल आला, की डिकीच उघडत नाही. त्यामुळे दोराची पिशवी मागच्या सीटवरून हात घालून काढता येईल अशीच ठेवायची. घरी एकदा डिकीचं दार बंद ठेवून सगळं बाहेर काढून बघा. जे निघणार नाही, त्याची जागा चुकली आहे. आणि चिखलात उतरण्याआधीच शॅकल पुढच्या-मागच्या रिकव्हरी पॉइंटला, म्हणजे गाडी ओढायच्या मजबूत हुकला, लावून घ्या. नंतर चिखलाखाली हात घालून हुक चाचपडत बसावं लागतं. डांबरी रस्त्यावर परतताना मात्र ते काढून आत ठेवा.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यातला स्नॅच स्ट्रॅप (झटका देऊन गाडी ओढायचा नायलॉनचा पट्टा) माळ्यावरून काढला तर त्यावर पांढुरकी बुरशी आणि कुबट वास. फेकून द्यायचा का? ब्लीच चालेल का? (गिरगाव)

उत्तर : ब्लीच नको, फिनाईलही नको. क्लोरीनच्या ब्लीचमुळे नायलॉनचा धागा कमजोर होतो. बुरशीची गोष्ट वेगळी. ती नायलॉन खात नाही, नायलॉनवर बसलेली माती आणि सेंद्रिय घाण खाते. म्हणजे नुसत्या वासामुळे स्ट्रॅप बाद होत नाही. पण वास येतोय याचा अर्थ तो मातीसकट आणि ओला गुंडाळला गेला होता, आणि खरं नुकसान त्या मातीनं केलेलं असतं. विणीत अडकलेले बारीक कण स्ट्रॅप ताणला गेला की धागे आतून कापतात. समुद्राकाठच्या वाळूत वापरला असेल तर वाळलेल्या मिठाचे खडेही तेच करतात.

मोठ्या टबात कोमट पाणी घ्या, लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतो तो सौम्य लिक्विड साबण दोन झाकणं. स्ट्रॅप अर्धा तास भिजवा, मग मऊ ब्रशनं लांबीच्या दिशेनं घासा. पाणी बदलत राहायचं, टबाच्या तळाशी माती बसणं थांबेपर्यंत. चार-पाच पाणी सहज लागतात. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. टोकांची जाड शिवण आपटत राहते आणि मशीनच्या नळीत जो चिखल बसतो त्यावरून घरात व्हायचं ते होतंच.

वाळवणं हे यातलं अवघड काम. जुलैत मुंबईत शर्टसुद्धा दोन दिवस दमट राहतो, इथे तर ९ मीटरचा जाड पट्टा आहे. छताच्या पुली-दांडीवर नागमोडी घालून, घड्या एकमेकींना न चिकटवता, पंख्याखाली किमान ४८ तास ठेवा. उन्हात टाकून काम लवकर होतं, पण सततच्या उन्हानं नायलॉन हळूहळू ठिसूळ होतं, तेव्हा सावलीच बरी. इस्त्री किंवा हीटर अजिबात नको. मधला भाग हाताला कोरडा लागला तरी टोकांच्या फासांत, जिथे तीन-चार पदर शिवलेले असतात, तिथे पाणी सगळ्यात शेवटपर्यंत राहतं. हातावर भरवसा ठेवण्यापेक्षा सामान तोलायच्या हूकच्या काट्यावर वजन करा. मे महिन्यात कोरड्या स्ट्रॅपचं वजन करून ते पिशवीच्या चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. पावसाळ्यात नायलॉन हवेतलाही ओलावा घेतं, त्यामुळे अडीच किलोच्या स्ट्रॅपमागे १०० ग्रॅमची सूट द्या. त्याहून जड भरला तर अजून ओला आहे.

ओला स्ट्रॅप वापरूच नये असं मात्र नाही. ओल्या नायलॉनची ताकद साधारण १० ते २० टक्के कमी होते, एवढं ध्यानात ठेवून ओढायचं.

वाळल्यावर कडा बोटांत धरून पूर्ण लांबी तपासा. कडेला चीर, उसवलेली शिवण, किंवा कुठे धागे वितळून चकचकीत आणि कडक झालेले दिसले तर तो स्ट्रॅप संपला. गुंडाळताना मधोमध दुमडा आणि दुमडीपासून सुरुवात करा, म्हणजे दोन्ही फास बाहेरच्या बाजूला राहतात आणि चिखलात उभं राहून उलगडताना गुंता होत नाही. गोल कायनेटिक रोप मात्र गुंडाळू नका. एक टोक पिशवीबाहेर ठेवून बाकीचा दोर नागमोडी आत टाकत जा. वेटोळी केली की दोराला पीळ पडतो.

प्रश्न : आमचं घर ४५० चौरस फुटांचं. आई म्हणते सगळं माळ्यावर टाक, मी म्हणतो गाडीतच राहू दे. कोण बरोबर? (परळ)

उत्तर : आईंना सांगा की माळा चालेल, पण बाथरूमवरचा नको. तिथे वाफ चढते, आणि बऱ्याच घरांत तिथेच टॉयलेट क्लीनरच्या बाटल्या असतात. त्यातलं अ‍ॅसिड नायलॉनचा शत्रू आहे. बाटली कलंडली आणि थेंबभर गळालं तरी धागा जळतो आणि वरून दिसतही नाही. जुनी बॅटरी त्याच जागी ठेवणं याच कारणानं वाईट. पॉलिस्टरचा पट्टा असेल तर त्याला उलट कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार सोसत नाही.

सगळ्यात चांगली जागा दिवाणाची. दोर, सॉफ्ट शॅकल (दोराचीच विणलेली कडी), पट्टे असं मऊ सामान कापडी पिशवीत घालून दिवाणात. लोखंड आणि फावडं माळ्यावर. गाडीत कायम राहायला हरकत नाही अशा वस्तू फक्त हातमोजे, टॉर्च, गेज, कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट. बंद काळ्या गाडीत एप्रिल-मेमध्ये जी उष्णता साठते तिनं दोर एका उन्हाळ्यात मरत नाही, पण काचेतून येणारं ऊन रोज खाऊन वर्षानुवर्षं टिकतही नाही.

घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवणार असाल तर वस्तू आधी पूर्ण वाळलेली हवी. नाहीतर ओल आत कोंडली जाते आणि त्यापेक्षा उघडी पिशवी परवडली. डब्यात सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या चार पुड्या टाका. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतात. कपाटात ठेवायचे जे ओल शोषणारे डबे मिळतात त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. त्याचं पाणी होतं आणि ते सांडलं की लोखंड झपाट्यानं गंजतं. शॅकलशेजारी ते डबे नकोत.

प्रश्न : बो शॅकलची पिन गंजून बसली आहे. गॅरेजवाला म्हणतो गॅसनं तापवून काढू. (वसई)

उत्तर : तापवू देऊ नका. चांगली शॅकल मिश्र पोलादाची असते आणि तिला उष्णतेची प्रक्रिया देऊन ताकद आणलेली असते. ज्योतीनं ती ताकद जाते, आणि वरून शॅकल आधीसारखीच दिसते, हा खरा धोका. गंज सैल करणारं तेल आट्यांत सोडा, रात्रभर ठेवा, पिनेच्या डोळ्यात जाड स्क्रू-ड्रायव्हर घालून आधी आवळायच्या दिशेनं किंचित, मग उघडायच्या दिशेनं असं हळूहळू हलवा. निघाली तर तारेच्या ब्रशनं साफ करून बघा. आटे खाल्ले गेले असतील, पृष्ठभागावर खड्डे पडले असतील किंवा पिनेची जाडी मुळापेक्षा १० टक्क्यांनी कमी झाली असेल तर भंगार. पिनेच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट घालणं म्हणजे सगळी शॅकल निकामी करणं. एकाची पिन दुसरीला लावणंही टाळा. प्रत्येक पिन आपापल्या शॅकलला दोरीनं बांधून ठेवली की हा प्रश्नच येत नाही.

वसईसारख्या ठिकाणी खारी हवा जस्ताचा थर खाते, म्हणून प्रत्येक सहलीनंतर गोड्या पाण्यानं धुवा, पुसा, आट्यांना ग्रीसचा पातळ हात द्या, आणि वापरण्याआधी ते ग्रीस पुसून काढा. नाहीतर वाळू त्याच ग्रीसला चिकटते. वापरताना पिन पूर्ण आवळून जास्तीत जास्त पाव आटा सैल करायची, म्हणजे ताणानंतर ती जाम होत नाही. स्प्रेनं तेल मारताना दोर शेजारी नको.

प्रश्न : नागदेवी स्ट्रीटवर क्रेनच्या उचल-पट्ट्या स्वस्त मिळतात. स्नॅच स्ट्रॅप म्हणून त्याच घेतल्या तर? (कळवा)

उत्तर : झटका देऊन ओढायला नाही. स्नॅच स्ट्रॅप नायलॉनचा असतो आणि तो साधारण २० टक्के ताणला जातो. कायनेटिक रोप ३० टक्क्यांपर्यंत. ताणताना तो पुढच्या गाडीचा जोर साठवतो आणि अडकलेल्या गाडीला हळूहळू देतो. क्रेनची पट्टी पॉलिस्टरची. तिनं जवळजवळ ताणलंच जायचं नाही, कारण वजन उचलताना भार खालीवर झुलला तर अपघात होतो. तिला झटका दिलात तर सगळा धक्का क्षणार्धात चासीवर आणि हुकवर येतो. मग तुटलेला हुक कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसतं.

झाडाला गुंडाळायला मात्र हीच पट्टी उत्तम. पॉलिस्टर भिजून कमजोर होत नाही आणि रुंद असल्यामुळे साल सोलली जात नाही. रंगावरून क्षमता कळते: जांभळी १ टन, हिरवी २, पिवळी ३, करडी ४, लाल ५. हिरवी, ६० मिलिमीटर रुंद, ३ मीटर लांबीची घ्या. इथे एक गफलत वारंवार होते. क्रेनच्या पट्टीवर आणि शॅकलवर लिहिलेला आकडा रोजच्या वापराचा सुरक्षित भार असतो. पट्टीवर सुरक्षा गुणांक ७ : १ असा छापलेला असेल तर २ टनांची पट्टी तुटायला १४ टन लागतात. स्नॅच स्ट्रॅपवर छापलेला आकडा मात्र तुटण्याचा असतो. ८ टनांचा स्ट्रॅप आणि ४.७५ टनांची शॅकल शेजारी ठेवून शॅकल कमजोर म्हणणारे पुष्कळ भेटतात, प्रत्यक्षात चांगली शॅकल त्या आकड्याच्या अनेक पट सोसते. म्हणून सामान लावताना प्रत्येक वस्तूच्या पिशवीवर चिठ्ठी लावा आणि त्यावर ‘सुरक्षित भार’ की ‘तुटण्याचा भार’ हे शब्दांत लिहा. पट्ट्यावर थेट मार्करनं लिहू नका, त्यातल्या रसायनाचा भरवसा नाही.

स्ट्रॅप निवडताना दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीचं भरलेलं वजन आरसी बुकात बघा आणि त्याच्या दुप्पट ते तिप्पट तुटण्याचा भार घ्या. वरच्या जिम्नीला सुमारे ३,१०० ते ४,६०० किलो. तिला ८,००० किलोचा स्ट्रॅप लावला तर तो ताणलाच जात नाही आणि पैसे जास्त मोजून साखळीचा झटका विकत घेतल्यासारखं होतं.

दोन स्ट्रॅप लोखंडी शॅकलनं जोडू नका. स्ट्रॅप तुटला तर ती शॅकल काच फोडून आत येते. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर अडकवणंही त्याच कारणानं जिवावर बेततं.

प्रश्न : सोसायटीत यांत्रिक पार्किंग आहे. छतावर कॅरिअर लावून बोर्ड आणि फावडं वर न्यावं का? (ठाणे)

उत्तर : आधी पार्किंगच्या खांबावरची पाटी वाचा. त्यावर पॅलेटची (गाडी ज्यावर उभी राहते त्या फळीची) उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. जिम्नीची उंचीच १,७२० मिलिमीटर आहे. त्यावर कॅरिअर आणि बोर्ड चढवले की आणखी १५-२० सेंटिमीटर वाढतात. खालच्या पॅलेटवर गाडी उभी असताना वरचा मजला उतरला तर काय होईल ते सांगायला नको. छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. आमचा सल्ला, फक्त बोर्ड वर न्या, तेही सहलीच्या दिवशी. वर ठेवलेलं फावडं शहरातल्या सिग्नलला कुणीतरी सोडवून नेतं, आणि बोर्ड रोजच्या उन्हात ठिसूळ होतात. बोर्ड एकात एक बसवून सीटमागे उभे ठेवले तर जेमतेम १० सेंटिमीटर जागा घेतात. ठेवण्याआधी दात तपासा. चाक जागच्या जागी गरगरलं असेल तर दात वितळून बोथट झालेले दिसतील. पुढच्या वेळी त्याच टोकाकडून चाक चढवू नका, बोर्ड फिरवून घाला.

पार्किंगच्या कोपऱ्यात पेटी ठेवण्याचा विचार असेल तर तो सोडा. जागा गाडीपुरतीच असते, जिन्यात आणि पॅसेजमध्ये सामान ठेवणं आगीच्या दृष्टीनं वाईट आणि सेक्रेटरींची चिठ्ठी ठरलेली. शिवाय उंदीर. स्टिल्टखाली जमिनीलगत ठेवलेलं सामान पाण्यातही जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. रोजचा पाऊस तसा नसतो, पण ढोपरभर पाणी दर वर्षी कुठे ना कुठे साचतंच.

प्रश्न : थारच्या मागच्या स्टेपनीवर हाय-लिफ्ट जॅक (उंच दांड्यावर चढणारा जॅक) टांगला होता. आता तो वर चढतच नाही, मध्येच अडकतो. (नालासोपारा)

उत्तर : त्याच्या चढणाऱ्या दोन पिना आणि त्यांच्या स्प्रिंगांत माती घट्ट बसली आहे. पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा, मग ब्रशनं रॉकेल किंवा डिझेल लावून पिना हातानं मागे-पुढे करा. दोन्ही झटकन परत आल्या पाहिजेत. कोरडं झाल्यावर पातळ मशीन ऑइलचे चार थेंब. जाड ग्रीस लावलं तर पुन्हा तेच होईल. पीन अर्धवट बसलेल्या जॅकवर गाडी घेऊ नका, तो भार सोडून देतो आणि हँडल उसळून तोंडावर येतं. ठेवताना दिशा बदलायची खिट्टी वरच्या बाजूला आणि हँडल दांड्याला क्लिपनं आवळलेलं हवं.

पण जॅक दुरुस्त करण्याआधी एक विचार करा. ४८ इंची जॅक सुमारे १३ किलोचा असतो आणि प्लॅस्टिकच्या बंपरला तो लावायला जागाच नसते. त्यासाठी लोखंडी बंपर बसवायला जाल तर कायदा आडवा येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये बुल बार आणि क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे, मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली. जॅकसाठी मजबूत बिंदू नसेल तर तो घरी ठेवून बाटली जॅक (तेलाच्या दाबावर चालणारा) आणि १८ मिलिमीटर जाड, ३० बाय ३० सेंटिमीटरची मरीन प्लायची फळी घ्या. बाटली जॅक नेहमी उभा, दांडा पूर्ण खाली आणि झडप बंद करून ठेवायचा. आडवा ठेवला की तेल झिरपतं, आत हवा शिरते आणि गरजेच्या वेळी दांडा वर येऊन परत बसतो.

प्रश्न : कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो. पंक्चर किटमधलं सोल्युशनही वाळून गेलं. (चेंबूर)

उत्तर : सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो आणि मोठा कॉम्प्रेसर ३० च्या वर खेचतो. चिमटे थेट बॅटरीला लावा, इंजिन चालू ठेवा. तारेतल्या फ्यूजचा त्याच आकड्याचा जास्तीचा नग आणि व्हॉल्व्हच्या दोन-चार कोर कॉम्प्रेसरच्या पिशवीतच ठेवा. नळीच्या टोकाला टोपी हवी, नाहीतर त्यात गेलेली वाळू थेट व्हॉल्व्हमध्ये जाते. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की वाळणारच. लहान ट्यूब घ्या आणि उघडल्याची तारीख लिहा.

प्रश्न : गाडी वर्सोव्याला समुद्रालगत उभी असते. विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) वर्षातून दोनदा वापरतो. (वर्सोवा)

उत्तर : मग ती वापरण्यासाठी नाही तर जिवंत राहावी म्हणून महिन्यातून एकदा दोर आत-बाहेर करा. सिंथेटिक दोर वर्षातून एकदा पूर्ण उलगडून बादलीत धुवा. दोर हातानं दाबून-सोडून आतली माती बाहेर काढावी लागते, नुसतं वरून पाणी ओतून निघत नाही. पूर्ण वाळवून परत गुंडाळताना ताण हवा: हलक्या चढावर दोराचं टोक झाडाला बांधा, गिअर न्यूट्रलला, आणि मित्राला हँडब्रेक किंचित लावायला सांगून गाडी विंचनं झाडाकडे ओढून घ्या. सैल गुंडाळलेल्या दोरात ओढताना वरचा थर खालच्या थरांत घुसतो आणि मग तो निघत नाही. हातमोजे घाला. ढोलावर, म्हणजे विंचच्या रिळावर, सिंथेटिक दोराचे किमान ८ ते १० वेढे कायम राहिले पाहिजेत. तो ढोलाला घर्षणानंच धरून असतो, टोकाच्या स्क्रूवर काही टिकत नाही.

प्रश्न : चार मित्रांत मिळून एकच किट आहे. दर वेळी काहीतरी कमी सापडतं. (डोंबिवली)

उत्तर : पिशवीच्या झाकणाच्या आत लॅमिनेट केलेली यादी शिवून टाका आणि परत करताना घेणाऱ्यासमोर मोजा. ज्यानं भिजवलं त्यानंच धुऊन-वाळवून पुढे द्यायचं. ओलं किट ‘उद्या बघू’ म्हणून सोपवलं की ते कुणीच वाळवत नाही.

प्रश्न : बाद झालेला स्ट्रॅप भंगारवाल्याला दिला तर चालेल? (मुलुंड)

उत्तर : तसाच नको. दोन्ही टोकांचे फास करवतीनं कापून टाका, नाहीतर तो कुणाच्या तरी टेम्पोला ओढायला लागणार आणि तिथे तुटणार. मधला पट्टा दीड-दीड मीटरचे तुकडे करून ठेवा. विंचचा दोर दगडाच्या कडेवरून जात असेल तेव्हा त्याखाली घालायला किंवा बोर्डच्या कडा दाराच्या पत्र्याला लागू नयेत म्हणून मध्ये सरकवायला ते उपयोगी पडतात. तुकड्यांवर लाल रंग मारा, म्हणजे अंधारात ते कुणी ओढायला घेणार नाही.